गाडीत पायाशी घरगुती एलईडी लावायची आहे, करंट कुठून घेऊ?

साखळीकर:

नमस्कार मंडळी. आमच्याकडे जुनी वॅगनआर आहे, एकदम बेस मॉडेल. आत दिवा म्हणाल तर छताला एकच, तोही पिवळट, आणि त्याचा उजेड सीटच्या खाली पोचतच नाही. आमचं घर रस्त्यापासून आत आहे, पोफळीतून वाट, खांबावरचा लाइट नावाला पण नाही. जत्रेचं नाटक बघून रात्री दीड-दोनला घरी आलो की आजी उतरताना पाय कुठे ठेवायचा ते चाचपत बसते आणि पावसात तर खाली छत्री, चपला, ओल्या पिशव्या असला पसारा असतो की मला स्वतःलाच मोबाईलचा टॉर्च लावावा लागतो. म्हणून ठरवलं की पुढे दोन्ही बाजूंना पायाशी आणि जमलं तर मागच्या सीटवाल्यांना पण एलईडी लावायची.

अॅक्सेसरीवाल्याकडे विचारलं तर तो सात रंगांचा रिमोटवाला सेट गळ्यात मारायला बघतो. मला डिस्को नकोय हो. घरात चवथीच्या मखराच्या पट्ट्या उरल्या आहेत त्याच वापरायचा विचार आहे. एक रोल आहे तो काळ्या अडॅप्टरवर चालतो, अडॅप्टरवर आउटपुट १२ व्होल्ट लिहिलंय. दुसरी छोटी पट्टी यूएसबीची आहे. आणि एक जाडी, पारदर्शक नळीसारखी, ती सरळ भिंतीच्या प्लगात जाते. यातली कुठली चालेल?

दुसरं म्हणजे मला दार उघडलं की लागायला हवी आणि बंद केलं की विझायला हवी. शिवाय रात्री गाडी चालवताना अगदी मंद चालू राहिली तर उत्तम. बाबांचं म्हणणं एकच, बॅटरी उतरेल आणि सकाळी धक्का मारायला तुलाच उतरवीन. घरात मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग येतं, पण गाडीच्या वायरिंगला आजवर हात लावलेला नाही. कोणी केलं असेल तर नीट सांगा, देव बरें करूं.


ओहम_नमः:

आधी पट्ट्यांचं सांगतो कारण घोळ तिथेच होतो. भिंतीच्या प्लगात जाते ती नळी २३० व्होल्टची, तिच्यात ढीगभर एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात, १२ व्होल्टवर ती मिणमिणणार सुद्धा नाही, बाजूला ठेव. यूएसबीची ५ व्होल्टची, तिला सरळ गाडीचे १२ दिलेस तर एक क्षण झकास उजेड पडेल आणि मग कायमचा अंधार. राहिली अडॅप्टरवाली, ती तुझ्या कामाची.

पण तिच्यातही एक गोम आहे. पट्टीवर बघ, दर तीन एलईडीनंतर कात्रीची खूण आणि दोन तांब्याचे ठिपके असतात. म्हणजे तीन एलईडी आणि एक रेझिस्टन्स मिळून एक तुकडा, आणि असे तुकडे शेजारी शेजारी पॅरलल. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्टच्या वर थोडे लागतात, तिघांचे मिळून नऊ-साडेनऊ. १२ मधून ते गेले की रेझिस्टन्सवर उरतात अडीच-पावणेतीन. आता गाडीत १२ व्होल्ट असतात हे आपण म्हणतो तेवढंच. बंद गाडीची चांगली बॅटरी १२.६ दाखवते आणि इंजिन चालू झालं की अल्टरनेटर १३.८ ते १४.५ पर्यंत नेतो. एलईडी आपले नऊ-साडेनऊच घेणार, वरचे सगळे त्या बिचाऱ्या रेझिस्टन्सवर. अडीच-पावणेतीनचे पाच होतात, म्हणजे करंट जवळजवळ दुप्पट. व्होल्ट वाढले दोनच पण करंट दुप्पट, हे लोकांच्या लक्षात येत नाही आणि मग पट्टी काही महिन्यांत काळी पडते, मधले तुकडे लुकलुकायला लागतात आणि सगळे म्हणतात मालच खराब होता.

उपाय स्वस्तातला आहे. तुझी पट्टी बारीक एलईडीची, ३५२८ म्हणतात ती, मीटरला ६० एलईडीवाली असेल तर मीटरला ४.८ वॅट खाते. दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटर धरले तर एकूण पाव अॅम्पिअरसुद्धा नाही, १२ व्होल्टवर साधारण ०.२४ अॅम्पिअर. या सगळ्याला मिळून एकच १० ओहमचा २ वॅटचा रेझिस्टन्स सिरीजमध्ये टाक. इंजिन चालू असताना तो दोनेक व्होल्ट खातो आणि पट्टीला तिचे बारा मिळतात. गाडी बंद असताना उजेड जरासा कमी होईल पण अंधाऱ्या वाटेवर ते कळणार नाही. मोठ्या चौकोनी एलईडीची, ५०५० वाली पट्टी असेल तर ती मीटरला १४.४ वॅट, तिथे हा हिशोब वेगळा. पायाशी तेवढा उजेड लागतही नाही. ३५२८ च घे.

७८१२ नावाचा रेग्युलेटर लावा असं कोणीतरी येऊन सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. त्याला आउटपुटपेक्षा दोन व्होल्ट जास्त हवे असतात, आणि बंद गाडीत ते नसतात. लावला तर बिघडत काही नाही, पण एवढ्याशा पट्टीला कशाला.


वायरिंगवाला_फोंडा:

ओहम भाऊनी पट्टीचं बरोबर सांगितलं. आता करंट कुठून घ्यायचा ते मी सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या असल्याच उद्योगाच्या असतात, घरी काहीतरी लावलेलं असतं आणि मग सकाळी गाडी स्टार्ट होत नाही.

जुन्या बऱ्याच गाड्यांत छताच्या दिव्याला प्लस कायम आलेला असतो, चावी काढली तरी. दाराचा बटणस्विच जो असतो ना, दाराच्या चौकटीत रबरी टोपीचा, तो मायनस जोडतो. दार उघडलं की बटण बाहेर येतं आणि वायर बॉडीला अर्थ होते, दिवा लागतो. म्हणजे स्विच मायनसच्या बाजूला आहे. हे ज्याला माहीत नाही तो काय करतो, पट्टीची लाल वायर दिव्याच्या प्लसला जोडतो आणि काळी वायर जवळच्या बोल्टला बॉडी अर्थ करतो. झालं, पट्टी चोवीस तास चालू. दिवसा दिसत नाही म्हणून कळत नाही. तुझ्या बाबांचा हिशोब करून दाखवतो, पाव अॅम्पिअर धरला तर दिवसाला सहा अॅम्पिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची असते, ती पण जुनी झाली की तेवढी भरत नाही. तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ कुईं करणार. तेव्हा बाबा बरोबर बोलतात.

म्हणून लाल वायर कायमच्या प्लसला, फ्यूज घालून, आणि काळी वायर दाराच्या स्विचच्या वायरला. बॉडीला नाही. कुठली वायर ते मल्टिमीटरने बघ, रंगावर जाऊ नको. मीटरचा लाल प्रोब कायमच्या प्लसवर धर, काळा प्रोब संशय आहे त्या वायरवर. दार उघडल्यावर बारा दाखवले आणि बंद केल्यावर शून्याच्या आसपास आलं तर तीच. बल्बवाला टेस्टर घेऊन सगळीकडे टोचत फिरू नको, इसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, वायरीला तो भारी पडतो.

पण थांब. आधी एक गोष्ट बघून सांग. दार लावलं की तुझा छताचा दिवा पटकन विझतो की हळूहळू मंद होत विझतो? हळूहळू विझत असेल तर मध्ये मोड्यूल, म्हणजे दिवा सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक डबी, आहे, आणि मग दाराच्या स्विचची वायर म्हणजे त्या मोड्यूलला जाणारा नुसता निरोप असतो, त्यात पट्टी जोडायची नाही. तिथे सरळ छताच्या दिव्याच्याच दोन वायरींतून घ्यायचं.

फ्यूज सोडू नको. पट्टी पाव अॅम्पिअर खाते तर फ्यूज कशाला असं विचारणारे भेटतात. बाबा, फ्यूज पट्टीसाठी नसतो, वायरसाठी असतो. बारीक वायर डॅशबोर्डच्या आत कुठे पत्र्याच्या धारेवर घासून शॉर्ट झाली तर मागचा १५ अॅम्पिअरचा फ्यूज उडायच्या आधी वायर लाल होईल. फ्यूज टॅप मिळतो बाजारात, फ्यूजबॉक्समधला एक फ्यूज काढून तिथे बसतो, पात्यांजवळच्या खालच्या खाचेत जुना फ्यूज आणि वरच्यात तुझा २ अॅम्पिअरचा, राखाडी रंगाचा. फक्त एअरबॅग, एबीएस, इसीयू असल्या फ्यूजला हात लावायचा नाही. रेडिओची मेमरी किंवा छताचा दिवा, तिथून घे.


बार्देशकार:

दादा एवढं करतोच आहेस तर आरजीबी लाव ना!! गाण्यावर नाचणारी येते, मोबाईलवरून रंग बदलतो. माझ्या मित्राने लावली आहे, रात्री पणजीच्या नव्या पुलावरून जाताना आतून निळी गाडी काय दिसते. मखराची पांढरी पट्टी लावून गाडी देवघरासारखी दिसेल.


मडगाव_मेल:

बार्देशकार, तुझ्या मित्राला सांग की निळी गाडी बाहेरून बघायला छान, आत बसून चालवणाऱ्याचं काय? रात्री डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो आणि निळ्या-पांढऱ्या झगझगीत उजेडाने तो सराव मोडतो. त्यात काचेवर प्रतिबिंब. चोर्ला घाटात धुकं असताना समोरच्या काचेत स्वतःचे गुडघे दिसायला लागले की कळेल. पायाशी लावायचीच तर वॉर्म व्हाइट नाहीतर अंबर, आणि चालू गाडीत एकदम मंद. मोठ्या गाड्यांना कंपनीकडून येतात त्या बघा, असतात की नाही कळणार नाही इतक्या मंद.

साखळीकर, थोडं नको ते पण बोलतो. गाडी जुनी आहे म्हणजे वॉरंटीचा प्रश्न नाही, पण नवी गाडीवाले वाचत असतील तर त्यांनी मूळ वायर कापली किंवा सोलली तर पुढे इलेक्ट्रिकलचा क्लेम करताना सर्व्हिस सेंटरवाला तेच बोट दाखवणार. फ्यूज टॅप काढून ठेवला की खूण राहत नाही, ते बरं. कायद्याचं म्हणाल तर मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे ते आरसीतल्या तपशिलाशी गाडी जुळणार नाही असे बदल करण्यावर आहे. आत पायाशी मंद दिवा लावल्याने कोणी अडवेल असं मला वाटत नाही. पण लाल-निळं लुकलुकणारं बाहेरून दिसलं तर पोलीस थांबवणारच, आणि का थांबवू नये? मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले आणि आमची पोरं आता ते गाडीच्या आत लावतात. काचेच्या फिल्मचं पण असंच होतं, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंद केली तरी किती वर्षं लोक लावत होते.


साखळीकर:

सगळ्यांचे आभार. बार्देशकार, आजीला गाण्यावर नाचणारी पट्टी लावली तर ती गाडीतून उतरणारच नाही, आरती सुरू करेल.

वायरिंगवाला काका, बघितलं. दिवा पटकन विझतो, मंद वगैरे काही होत नाही. आणि तुम्ही सांगितलं तसं मीटर लावला, ड्रायव्हरच्या दाराच्या बटणाला एकच वायर आहे, दार उघडल्यावर १२.४ आणि बंद केल्यावर शून्य. बाकी तीन दारं उघडून बघितली तरी त्याच वायरवर १२.४ च येतं. म्हणजे चारही दारांना एकच वायर फिरवली आहे असं धरू ना?

अडॅप्टरवाली पट्टी मोजली, एलईडी बारीकच आहेत, मीटरला ६०. रंग मात्र थंड पांढरा आहे. आणि चालू गाडीत मंद ठेवायचं कसं ते राहिलं. डिमर घ्यावा का?


ओहम_नमः:

हो, एकच वायर. सोपं झालं.

डिमर नको, दोन वेगळ्या पट्ट्या कर. दार उघडल्यावर लागणारी ३० सेंटिमीटरची वेगळी आणि चालू गाडीतली म्हणजे कात्रीने कापलेला तीन एलईडीचा एकच तुकडा, पाच सेंटिमीटरचा. त्या तुकड्याला पार्किंग लाइटचा प्लस दे, म्हणजे हेडलाइटची दांडी पहिल्या पायरीवर फिरवली की लागेल, आणि त्याची काळी वायर खुशाल बॉडी अर्थ कर. त्याच्यात सिरीजला १ किलो-ओहम टाक. तुकड्यातला रेझिस्टन्स बहुतेक १५० ओहमच्या आसपास असतो, तर चालू गाडीत चारेक मिलिअॅम्पिअर जाईल. वाचून वाटेल एवढ्याने काय होणार, पण रात्री बारा वाजता बघ. कमी वाटलं तर ४७० ओहम कर. जास्त वाटलं तर दोन किलो. यात दोन्ही सर्किटांचा एकमेकांशी संबंधच येत नाही, त्यामुळे डायोड वगैरे लावून एकाच पट्टीकडून दोन कामं करून घ्यायची भानगड वाचते.

वॉर्म हवा असेल तर चालू गाडीच्या तुकड्यापुरती वॉर्म व्हाइट आण, पणजीत १८ जून रस्त्याच्या बाजूला किंवा मडगावात बाजारात इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे कापून मीटरवर मिळते. दाराची पट्टी पांढरी असली तरी चालेल, खाली पडलेली किल्ली पांढऱ्यातच नीट दिसते.


पेडणेकर:

माझा प्रश्न मध्येच घुसवतो, विषय तोच आहे. माझी गाडी नवी आहे, त्यात छताचा दिवा हळूहळू विझतो. मी पट्टी छताच्या दिव्याच्या वायरींतून घेतली आहे. दार उघडल्यावर मस्त लागते, विझताना पण दिव्याबरोबर मंद होत जाते, एकदम मोठ्या गाडीसारखं. पण पूर्ण विझत नाही! रात्री गॅरेजमध्ये बघितलं तर भुतासारखी अंधुक चमकत असते. छताला पण मी मूळ बल्ब काढून एलईडीच टाकलाय. बॅटरी उतरत असेल का?


ओहम_नमः:

पेडणेकर, बल्ब काढलास ना, तिथेच उत्तर आहे. मोड्यूल बंद असताना पण अगदी थोडा करंट गळत असतो. मूळ बल्बची तार तो गिळून टाकायची, तेवढ्याने ती तापत पण नाही. एलईडीला मात्र मिलिअॅम्पिअरच्या अंशात पण उजेड दिसतो. छताचा मूळ बल्ब परत लाव, बहुतेक तेवढ्यात जाईल. एलईडीच ठेवायचा असेल तर पट्टीच्या प्लस-मायनसला आडवा १ किलो-ओहमचा अर्धा वॅट रेझिस्टन्स लाव, गळती त्याच्यातून जाईल. बॅटरीला त्या चमकण्याने काही होत नाही.


वायरिंगवाला_फोंडा:

बरोबर. आणि नव्या गाडीत मागे पण पट्ट्या, डिकीत पण पट्ट्या असं सगळं त्या एका दिव्याच्या वायरवर लादू नको. मोड्यूलचा आउटपुट मुळात एका बल्बपुरता असतो. जास्त लावायचं तर छोटा रिले, म्हणजे करंटने चालणारा स्विच, टाक.

आता साखळीकर, फिटिंगचं. पट्टी डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला, पुढे इंजिनच्या पत्र्याकडे तोंड करून लाव, म्हणजे बसलेल्याला एलईडीचा ठिपका दिसत नाही, फक्त कार्पेटवर उजेड दिसतो. मागच्यांसाठी पुढच्या सीटच्या खाली लावतात पण सीट मागेपुढे सरकते, वायरला ढील ठेव नाहीतर पहिल्याच वेळी कोणी उंच माणूस पुढे बसला की तुटली.

पट्टीच्या मागचा चिकटपट्टा नुसता भरवशावर सोडू नको. डॅशबोर्डच्या खालचं प्लास्टिक खडबडीत असतं आणि मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की तो गोंद घामासारखा सुटतो. अॅल्युमिनियमची चॅनल मिळते, तिच्यात पट्टी बसव आणि चॅनल केबल टायने बांध. पट्टी लोंबली तर ती कुठे लोंबते लक्षात घे, ब्रेकच्या पेडलवर.

इन्सुलेशन टेप तर गाडीत वापरूच नको. उन्हाने चिकट चिखल होतो आणि वायर उघडी. हीट श्रिंकची स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळते ती नळी, घाल. जोड सोल्डर न करता क्रिंप कर, म्हणजे धातूची टोपी पक्कडीने दाबून.


ओहम_नमः:

इथे मी काकांशी सहमत नाही. चांगला सोल्डर केलेला जोड, वर स्लीव्ह, काही होत नाही. माझ्या गाडीत सगळे सोल्डरच आहेत.


वायरिंगवाला_फोंडा:

भाऊ तुमचा सोल्डर चांगला असेल, सगळ्यांचा नसतो. सोल्डर वायरच्या आत चढतो आणि जिथे संपतो तिथे वायर कडक आणि पुढे लवचिक, हादऱ्याने बरोबर त्या जागी तुटते. आपल्याकडचे रस्ते पावसाळ्यानंतर बघा कसे असतात. फॅक्टरीच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, जिकडे तिकडे क्रिंपच दिसतो, ते काय उगाच? करायचाच असेल सोल्डर तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून ठेवा, हलता कामा नये. आणि ते निळे-लाल चिमट्याचे टॅप, वायर न सोलता दाबून बसवतात ते, गोव्यात पूर्ण बाद. आतली पट्टी वायरची एक-दोन तार कापते, दमट हवा आत जाते आणि वर्षभरात आत हिरवं. किनाऱ्याकडच्या गाड्यांत तर विचारू नका, मोरजी-हरमलकडची गाडी आली की मी आधी अर्थचे बोल्टच बघतो.


ओहम_नमः:

बांधून ठेवायचं मान्य. बाकी मी सोल्डरच करणार.

साखळीकर, पाण्याचं बघ. तुमच्याकडे पावसात पायाबरोबर लाल माती-पाणी गाडीत येतंच. पट्टी घेताना वर सिलिकॉनचा थर असलेली घे. मखराची उघडी असेल तर ती दाराच्या कामाला वर डॅशबोर्डखाली चालेल, पण सीटखाली मागच्यांसाठी नको, तिथे ओली छत्री तिच्यावरच टेकणार. कापलेल्या टोकांना सिलिकॉन लावताना बांधकामवाल्याकडचा आंबूस वासाचा घेऊ नको, त्यातलं अॅसिड तांबं खातं. न्यूट्रल लिहिलेला मिळतो तो घे.


मडगाव_मेल:

आणि उंदीर. पावसात गाडी दोन-तीन दिवस उभी असली की डॅशबोर्डखाली येऊन बसतात, आणि नवी वायर त्यांना बरोबर सापडते. वायरवर ती पन्हाळीदार काळी नळी चढव.


साखळीकर:

सामान आणायला उद्या जातोय. एअरबॅग या गाडीत नाही, त्यामुळे ती भीती नाही, पण बाकीच्यांसाठी विचारतो, स्टिअरिंगखाली पिवळ्या नळीतल्या वायरी दिसतात त्या एअरबॅगच्याच ना?

वायर स्विचपासून डॅशबोर्डपर्यंत कुठून नेऊ? दाराच्या खालच्या पट्टीच्या आतून जाते असं दिसतंय. आणि १० ओहमचा २ वॅट इथल्या दुकानात नाही म्हणाला, २२ चे एक वॅटवाले आहेत म्हणे.


वायरिंगवाला_फोंडा:

पिवळं दिसलं की हात मागे, बरोबर. तिथे मीटर पण लावायचा नाही. खांबाच्या ट्रिमवर एअरबॅग लिहिलेलं असेल तर त्या खांबातून वायर पण नेऊ नये.

तुझ्या गाडीत दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिकची पट्टी वर ओढली की क्लिपा सुटतात, आत मूळ हार्नेस जातो, त्याच्याच बाजूने वायर टाक आणि त्यालाच टाय मार. क्लिप तुटू शकते, दोन-चार जास्तीच्या आणून ठेव, कुठल्याही स्पेअरवाल्याकडे मिळतात. काम सुरू करायच्या आधी बॅटरीचा मायनस काढ. पार्किंगवाल्या तुकड्याच्या अर्थसाठी बॉडीचा बोल्ट घेशील तिथला रंग खरवडून रिंगचा लग मार, वर थोडं ग्रीस. सगळं झाल्यावर ट्रिम लावायच्या आधी ब्रेक, क्लच, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आत टॉर्चने बघ, एकही वायर हलता कामा नये.


ओहम_नमः:

२२ चे दोन घे, पॅरलल जोड. ११ ओहम, दोन वॅट. चालतंय. पट्टीला चिकटवू नको फक्त, तो गरम होतो, थोडा लांब मोकळ्या हवेत ठेव.


बार्देशकार:

दादा पण फोटो टाक हां रात्रीचा. आणि अंबरचा एक तुकडा जास्त आण, मला पण हवाय, म्हापशात मिळत नाही.